शिबिरं झाली, पॉझिटिव्ह बायकांचं पुढे काय? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आणि तुंबलेल्या याद्या

रानजाई (धागाकर्ती)

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आमच्याकडे पुढच्या महिन्यात पुन्हा एक मोठं तपासणी शिबिर घ्यायचं चाललंय, गर्भाशयमुखाच्या म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं. मंडप, फलक, पाहुणे, सगळं ठरत आलंय. माझं म्हणणं एवढंच की गेल्या शिबिरात ज्यांची तपासणी पॉझिटिव्ह आली त्यांची यादी आधी संपवा, मग नवीन बायकांना बोलवा. असं बोललं की लोकांना वाटतं, ह्या शिबिराच्या विरोधात आहेत. म्हणून इथे सविस्तर लिहिते. या संस्थळावर आरोग्य खात्यातले, लॅबमधले, परदेशात काम करणारे बरेच जण आहेत, त्यांनी आपापला अनुभव सांगावा.

आमच्या रजिस्टरचं एक पान सांगते. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, वय, गाव, मोबाईल, निकाल, शेरा. पॉझिटिव्ह बाईच्या शेऱ्यात लिहिलंय 'जिल्हा रुग्णालयात पाठविले'. त्याखाली 'सदर', 'सदर', 'सदर'. पाठविले म्हणजे हातात चिठ्ठी दिली. ती पोचली का, दुर्बिणीतून पिशवीचं तोंड मोठं करून तपासलं का (कॉल्पोस्कोपी), तपासायला तुकडा काढला का (बायोप्सी), उपचार मिळाले का, याला रकानाच नाही.

तुंबलेली यादी म्हटलं की एकच रांग डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात तीन आहेत. ज्यांची कधीच तपासणी झाली नाही त्यांची पहिली, आणि ती अफाट आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती. सॅम्पल घेतलंय पण रिपोर्ट आलेला नाही, त्यांची दुसरी. आणि दोष सापडलाय पण पुढे काहीच झालेलं नाही, त्यांची तिसरी. तिसरी रांग सगळ्यात लहान आणि धोका सगळ्यात जास्त तिथेच. अहवालात मात्र जातो तो 'इतक्या महिलांची तपासणी केली' हा आकडा.

आधी कोणाला बोलवायचं हे ठरवता येतं, कारण हा आजार सावकाश वाढतो. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यातल्या काहींना पूर्वकर्करोगाचे बदल होतात आणि त्यातून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६०-७० च्या दशकांत सगळ्यात पुढच्या पायरीचे बदल (सीआयएन ३) असलेल्या काही बायकांना पूर्ण उपचार न देता नुसतं बघत राहिले. १९८७-८८ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी त्याची चौकशी केली. अशा बायकांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. माझ्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. चार-सहा आठवडे थांबल्याने कोणाचं सहसा बिघडत नाही, पण यादीतून कायमची गळलेली बाई म्हणजे आपण समजून-उमजून सोडलेला कॅन्सर.

म्हणून मी मांडलेला क्रम असा. ज्यांना त्रास आहे त्या मुळात या रांगेतच नकोत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास मारणारं लालसर पाणी जाणं, किंवा तपासताना पिशवीच्या तोंडावर डोळ्याला दिसणारी गाठ: यांना त्याच आठवड्यात तपासून तुकडा. त्यानंतर ज्यांचा रिपोर्ट जास्त दोषाचा आहे, एचपीव्ही १६ किंवा १८ आला आहे (जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात), पिशवीच्या तोंडावरचा दोषाचा डाग मोठा आहे किंवा तोंडातून आत जाणाऱ्या नळीत शिरतोय, आणि ज्या एचआयव्हीसह जगताहेत त्या. एचआयव्ही असलेल्या बाईला हा धोका इतरांच्या सुमारे सहा पट असतो. मग बाकीच्या पॉझिटिव्ह. मग ज्यांचं सॅम्पल वाया गेलं किंवा रिपोर्ट हरवला त्या. आणि या सगळ्या झाल्या की कधीच तपासणी न झालेल्या, त्यातही आधी तिशी ते पन्नाशीतल्या आणि लांबच्या वस्त्या-तांड्यांवरच्या.

यात काय सुटतंय, ते सांगा.

अबोली_नाशिक

उत्तम धागा. एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारते, कारण माझ्यासारख्या अनेकींना पडत असेल. शिबिरात 'पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सरच ना? माझ्या जावेला असं सांगितलं तेव्हा घरात चार दिवस चूल धड पेटली नाही. शेवटी काहीच निघालं नाही.

रानजाई

@अबोली_नाशिक, नाही, अजिबात नाही. शिबिरात बहुतेक ठिकाणी जी तपासणी होते ती व्हीआयए. पिशवीच्या तोंडावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचं ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे सौम्य व्हिनेगरच. मिनिटभर थांबतात आणि नुसत्या डोळ्याने बघतात. पेशींत बदल असतील तर तो भाग पांढरा दिसतो. सूज असली, साधा संसर्ग असला तरीही पांढरेपणा दिसू शकतो. त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पॉझिटिव्ह म्हणजे 'नीट बघायला हवं'. हे त्या टेबलावरच, कपडे नीट करून बसवून, शांतपणे सांगितलं पाहिजे. तुमच्या जावेच्या घरी चार दिवस जे झालं ते दोन मिनिटं बोलून टळलं असतं.

आणि हेही सांगते: पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईत ही तपासणी तितकीशी कामाची नाही. बघायचा भाग आत सरकलेला असतो, डोळ्याला दिसतच नाही. साठीतल्या आजींना 'निगेटिव्ह' सांगून घरी पाठवताना हे लक्षात ठेवायला हवं.

उपकेंद्रातली_सीएचओ

मॅडम, मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमचा क्रम वैद्यकीय दृष्टीने बरोबर आहे, पण आमच्या भागात त्यात एक गोष्ट घालावीच लागेल: बाई गावात कधीपर्यंत आहे.

आमच्याकडच्या निम्म्या वस्तीचा ऊसतोडीसाठी मुकादमाशी व्यवहार झालेला असतो, उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. सप्टेंबरात पॉझिटिव्ह आलेल्या बाईला 'दीड महिन्याने जिल्ह्याला या' म्हटलं तर ती सहा महिने गेली. फडात नेटवर्क नाही, आणि नंबर तिचा नसतोच. रजिस्टरात जो मोबाईल असतो तो मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. आता मी त्या पोराला फोन करून काय सांगू, तुझ्या आईला पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला पाठव? तो म्हणतो, "बरं, सांगतो," आणि विषय तिथेच संपतो.

म्हणून माझं मत असं: दोन बायका सारख्याच पॉझिटिव्ह असतील, एक गावातच राहणारी आणि एक पंधरा दिवसांनी फडावर जाणारी, तर दुसरीला आधी घ्या. तिचा आजार जास्त आहे म्हणून नव्हे. ती हातातून निसटणार आहे म्हणून.

रानजाई

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. क्रमात घालते. खरं तर शिबिराची तारीखही यावरूनच ठरली पाहिजे. आपल्याकडे शिबिरं दिनविशेष बघून ठरतात, पाहुण्यांची वेळ बघून ठरतात. ऊसतोड भागात मे-जूनमध्ये तपासणी केली तर पावसाळाभर हातात वेळ मिळतो, गळीत हंगामाआधी सगळ्या पॉझिटिव्ह बायकांचे उपचार होऊ शकतात. ऐन ऑक्टोबरात शिबिर घेणं म्हणजे दोष शोधायचा आणि बाईला तसंच फडावर पाठवायचं.

लिफीकाठ

नमस्कार, मी आयर्लंडला, डब्लिनमध्ये लॅबमध्ये काम करते. यादी कशी तुंबते याचं एक मोठं उदाहरण इथलंच आहे.

एप्रिल २०१८ मध्ये विकी फेलन या बाईंच्या खटल्यामुळे कळलं की कॅन्सर झालेल्या बऱ्याच जणींचे जुने स्मिअर (पॅप, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पिशवीच्या तोंडावरून घेतलेल्या पेशी) पुन्हा तपासल्यावर दोष सापडला होता, आणि हे त्यांना सांगितलंच गेलं नव्हतं. अशा २२१ बायकांचा आकडा तेव्हा पुढे आला. देश हादरला. लोकांना धीर द्यावा म्हणून आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की ज्या बाईला शंका वाटते तिला, तिच्या तपासणीची ठरलेली वेळ आलेली नसली तरी, पुन्हा मोफत स्मिअर करता येईल. भावना समजण्यासारखी होती. पण स्लाइड वाचणारे डोळे तेवढेच होते. बघता बघता सुमारे ८० हजार सॅम्पल साठली आणि काही जणींना रिपोर्टसाठी सहा-सात महिने थांबावं लागलं. ज्यांचा मागचा रिपोर्ट चांगला होता अशा असंख्य बायकांच्या सॅम्पलखाली, ज्यांचं खरंच वेळेवर वाचलं जायला हवं होतं ती सॅम्पलं दबून राहिली. विकी फेलन २०२२ मध्ये गेल्या. त्यांनी उघडकीला आणलेला मुद्दा रास्तच होता, पण क्षमता न वाढवता दार सताड उघडलं की गर्दीत सगळ्यात आजारी माणूसच मागे पडतो, हे इथे सगळ्यांनी पाहिलं.

सुटका कशाने झाली? जादा मनुष्यबळ मिळवलं, आणि मार्च २०२० च्या अखेरीपासून आधी एचपीव्हीची चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तरच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली, अशी पद्धत आली. बहुतेक सॅम्पल एचपीव्ही निगेटिव्ह असतात, त्यामुळे माणसाने डोळे घालून वाचायच्या स्लाइड एकदम कमी झाल्या. लगेच कोविड आला आणि कार्यक्रमच थांबवावा लागला, ती वेगळी कथा.

रानजाई, तुमच्या तिसऱ्या रांगेबद्दल: इंग्लंडच्या कार्यक्रमात जास्त दोषाचा रिपोर्ट आलेल्या बाईला दोन आठवड्यांत दुर्बिणीच्या तपासणीची वेळ द्यायची आणि कमी दोषाच्या बाईला सहा आठवड्यांत, असा दंडक आहे. तो दरवेळी पाळला जातोच असं नाही, पण चुकला की मोजला जातो. तुमच्या रजिस्टरात रकानाच नाही म्हणता, म्हणजे चुकलं हेच कळत नाही.

स्लाइडवाला

पुण्यात पॅथॉलॉजी करतो. लॅबच्या बाजूने एक कळकळीची विनंती.

पॅप स्मिअरबरोबर येणारी चिठ्ठी भरा हो! दहातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर नाव, वय आणि 'पॅप' एवढंच असतं. पाळी गेली का, रक्त जातं का, तोंड बघताना कसं दिसलं, आधीचा रिपोर्ट काय, यातलं काहीही नसतं. मग ती स्लाइड बाकीच्या ट्रेमध्ये जाते आणि ओळीने जेव्हा नंबर लागेल तेव्हा वाचली जाते. चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'पाळीनंतर रक्तस्राव' एवढे दोन शब्द असते तर मी ती त्याच दिवशी काढून घेतली असती. आमच्याकडे लाल स्टिकरचा नियम आहे, पण स्टिकर लावायला माहिती तर हवी.

दुसरं, डॉक्टरांसाठी. डोळ्याला गाठ दिसत असेल तर कृपया पॅप करून रिपोर्टची वाट बघू नका. अशा गाठीवर सडलेल्या पेशी आणि रक्त एवढं असतं की स्मिअरमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतीलच असं नाही. रिपोर्ट 'दाह' म्हणून येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तिथे थेट तुकडाच.

देवराई७

@स्लाइडवाला, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरात घडलं आहे, म्हणून लिहितो.

माझ्या काकूला पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि अंगावरून लाल जायला लागलं. ती कोणाला बोलली नाही. शेवटी चुलत बहिणीला कळलं. एका मोठ्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही) नेलं तर सांगितलं, "कॅन्सर तपासणीचा दिवस गुरुवार, नंबर लावा." नंबर लावला. गुरुवारी स्मिअर घेतला. रिपोर्टला महिना लागला आणि त्यात दाह, औषधं द्या, तीन महिन्यांनी परत या, असं होतं. काकू आज्ञाधारक, तीन महिने गोळ्या घेत राहिली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टेबलावर घेतल्या घेतल्या तुकडा काढला. तिसऱ्या टप्प्याचा निघाला. लाईट (रेडिएशन) दिले, केमो दिली. आज ती आहे, पण मूत्राशयाचा त्रास कायमचा मागे लागला.

मला राग याचा येतो की तिला 'तपासणी'च्या रांगेत उभं केलं. ती तपासणीला आलेली निरोगी बाई नव्हती. ती आजारी होती.

रानजाई

@देवराई७, काकूंना नमस्कार सांगा. तुमचं शेवटचं वाक्य बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर लावायला हवं. स्क्रीनिंग ही निरोगी वाटणाऱ्या बाईसाठीची सोय आहे. त्रास असलेल्या बाईला स्क्रीनिंगच्या वारी, स्क्रीनिंगच्या टेबलावर पाठवणं हा प्राधान्यक्रमातला सगळ्यात घातक घोटाळा. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच हे दोन प्रश्न विचारता येतात: पाळी गेल्यावर रक्त जातंय का? संबंधानंतर रक्त जातं का? 'हो' आलं की रांग बदलली.

काठावरचा

मी जिल्हा पातळीवर कार्यक्रमाचं नियोजन बघतो, त्यामुळे थोडी उलट बाजू मांडतो. रागवू नका.

'जुनी यादी संपेपर्यंत नवीन तपासणी नको' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण धोक्याचं आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार दगावतात. त्यातल्या बहुतेक कधीच कुठल्या शिबिराला आलेल्या नसतात. तुम्ही वीस पॉझिटिव्ह बायकांमागे तीन महिने घालवाल, त्यातल्या पाच सापडणारच नाहीत, आणि तेवढ्या काळात न तपासलेल्या हजार बायकांत जो कॅन्सर वाढतोय तो तसाच राहील. शिवाय शिबिराचा निधी ३१ मार्चला परत जातो. एकदा परत गेला की पुढच्या वर्षी तेवढा मिळेल याची खात्री नाही.

रानजाई

@काठावरचा, मुद्दा बरोबर आहे, रागवायचं कशाला. पण एक गोष्ट बघा. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच व्हीआयए किंवा एकदाच पॅप केलेल्या गटांत तशी ठोस घट दिसली नाही. म्हणजे आपण ज्या तपासणीची एकेक फेरी उरकून छायाचित्रं काढतो, तिने एकटीने मृत्यू कमी होतील असं गृहीत धरता येत नाही.

व्हीआयए वाया आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटानेच केलेल्या दीड लाख बायकांच्या अभ्यासात व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे दर दोन वर्षांनी फेरी होती, तपासणाऱ्या आरोग्यसेविका प्रशिक्षित होत्या आणि पॉझिटिव्ह बाईला पुढचे उपचार मिळतील याची व्यवस्था होती. फरक पाठपुराव्याने पडला.

बाकी निधीचं म्हणाल तर, शिबिराच्या निधीतून 'पॉझिटिव्ह बायकांचा दिवस' का नाही घेता येत? तोही शिबिरच आहे. तीस बायकांना जिल्ह्याला पाठवण्याऐवजी दुर्बीण आणि डॉक्टर एक दिवस ग्रामीण रुग्णालयात आणा.

काठावरचा

हे करता येईल. पण लक्ष्य तपासणीच्या आकड्यावर मोजलं जातं, उपचाराच्या नाही. वरून विचारणा होते ती 'किती तपासल्या' याचीच. हे बदललं नाही तर तुमच्या-माझ्या चर्चेने काही हलणार नाही. पूर्ण थांबवण्याला माझा विरोध कायम आहे. दोन्ही एकत्र चालवू: शिबिर छोटं करू आणि त्याच दिवशी जुन्या पॉझिटिव्ह बायकांसाठी वेगळं टेबल लावू.

रानजाई

छोटं म्हणजे किती, त्यावर सगळं अवलंबून. जेवढ्या पॉझिटिव्ह बायकांचे उपचार आपण सहा आठवड्यांत करू शकतो, तेवढ्याच निघतील इतक्या बायका तपासा. उलट बाजूने मोजा. माझा आग्रह एवढाच आहे.

अबोली_नाशिक

त्याच दिवशी तपासणी आणि त्याच दिवशी उपचार, असं होत नाही का? एकदा आलेली बाई परत येईल याची खात्री नाही, हे तर वर सगळेच म्हणताहेत.

रानजाई

होतं, आणि तेच व्हायला हवं. थर्मल ॲब्लेशन नावाची पद्धत आहे. हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र असतं. त्याचं टोक साधारण १०० अंशांपर्यंत तापतं, ते डागावर वीस-तीस सेकंद टेकवायचं, गरज पडली तर पुन्हा. भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. नंतर काही आठवडे पाणी जातं आणि तेवढे दिवस संबंध टाळायचे असतात, हे मात्र नवऱ्यालाही समजावून सांगावं लागतं. अट अशी की पूर्ण डाग दिसला पाहिजे, तो नळीत शिरलेला नसावा, टोकाखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि कॅन्सरची शंका अजिबात नसावी. या अटीत बसणाऱ्या बायकांना तिथल्या तिथे उपचार दिले तर आमची तिसरी रांग बहुतांशी तयारच होणार नाही. न बसणाऱ्या थोड्याच उरतात, त्यांच्यामागे जीव लावून लागता येतं.

घाटमाथा

एचपीव्ही चाचणीत तर बाई स्वतःच सॅम्पल घेऊ शकते ना? माझी बहीण ऑस्ट्रेलियात तसंच करते. टेबलावर झोपायचं नाही, कोणी बघत नाही. लाजेपायी न येणाऱ्या बायकांसाठी हे उत्तम होईल.

लिफीकाठ

@घाटमाथा, हो, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतही आहे. उस्मानाबादच्या अभ्यासातली अजून एक गोष्ट इथे लागू पडते: पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये नंतर कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. म्हणजे एचपीव्ही निगेटिव्ह बाईला निर्धास्तपणे पाच-दहा वर्षं थांबवता येतं आणि रांग मोकळी होते. तपासणी चांगली असली की प्राधान्यक्रम ठरवणं निम्मं सोपं होतं. किंमत आणि यंत्रं हा अडसर आहेच.

उपकेंद्रातली_सीएचओ

आणखी एक. यादीतून कोणाला काढायचं हेही ठरवा. आमच्याकडे शिबिराला त्याच त्याच बायका येतात, आरोग्य केंद्राजवळच्या, गेल्याच वर्षी निगेटिव्ह आलेल्या. बावीस-चोवीस वर्षांच्या पोरींनाही गर्दी दाखवायला बसवतात. तांड्यावरची पस्तिशीची बाई मात्र एकदाही आलेली नसते.

आणि पिशवी काढलेल्या बायका. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसाठी ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. पांढरं पाणी जातंय, कॅन्सर होईल, अशी भीती घालून तिशीतच काढलेल्या कितीतरी. या बायकांना पुन्हा तपासणीला बोलवायचं की नाही?

रानजाई

तोंडासकट पूर्ण पिशवी काढली असेल आणि ती कॅन्सर किंवा पूर्वकर्करोगासाठी काढलेली नसेल, तर या तपासणीची गरज नाही. पण काही ऑपरेशनांत पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. कागद असेल तर बघा, नसेल तर एकदा तपासून खात्री करा आणि मग नाव कमी करा. तिशीच्या आतल्या मुलींनाही बोलवायचं नाही, फक्त एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून. त्या बायका एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात) गोळ्यांना नियमित येतातच, तपासणी तिथेच व्हावी, वेगळी फेरी कशाला.

तुम्ही पिशवीचा मुद्दा काढलात म्हणून सांगते, पाठपुरावा तुटला की जागा रिकामी राहत नाही. 'पॉझिटिव्ह' शब्द घेऊन घाबरलेली बाई जवळच्या कुठल्याशा दवाखान्यात जाते आणि पिशवी काढून येते, कर्ज काढून. वीस-तीस सेकंदांच्या उपचाराऐवजी. हे मी स्वतः बघते आहे आणि मला याचा फार त्रास होतो.

स्लाइडवाला

आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवतही नाहीत कधीकधी! तिथे कॅन्सर असला तर अर्धवट ऑपरेशन होऊन बसतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. पूर्ण अनुमोदन.

कोडकरी

मी आरोग्यातला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तुमची यादी एका साध्या एक्सेलमध्ये आणून प्रत्येकीला गुण देता येतील का? वय, निकाल, एचआयव्ही, गाव सोडायची तारीख. बेरीज करून वरून खाली क्रम लागेल.

रानजाई

@कोडकरी, मदतीची तयारी दाखवलीत, मनापासून आभार. पण गुणांची बेरीज नको वाटते. रक्त जाणारी पासष्टीची बाई वयाचे गुण कमी पडले म्हणून खाली जायला नको. त्यापेक्षा तीन कप्पे पुरेत: या आठवड्यात, सहा आठवड्यांत, या वर्षात. प्रत्येक कप्प्यात गाव सोडायची तारीख जवळ असलेली वर. तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात: मुदत उलटली की नाव लाल व्हावं, आणि 'पाठविले' हा शब्द असला म्हणून कोणाचंही नाव यादीतून जाऊ नये. नाव जाण्याची कारणं ठरलेलीच: उपचार झाले, तपासून दोष नाही असं कळलं, वारली, किंवा तिने स्वतः समजून नकार दिला.

कोडकरी

करून देतो. इंटरनेट नसताना चालेल असं करतो. गोपनीयतेचं काय, कोणाकोणाला दिसेल?

उपकेंद्रातली_सीएचओ

आशाताईंना फक्त आपल्या गावातली नावं दिसावीत आणि निकाल दिसू नये, एचआयव्ही तर मुळीच नाही. 'तपासणीला आणायचं' आणि तारीख, एवढं पुरे. नाहीतर उद्या चावडीवर चर्चा व्हायची.

वस्तीवरची_आशा

मी पहिल्यांदाच लिहिते, सांभाळून घ्या. आम्ही दारात जातो तेव्हा काय बोलायचं ते कोणी सांगत नाही. 'कॅन्सरचं निघालंय' म्हटलं तर सासू दार लावते. 'काही नाही, सहज बोलावलंय' म्हटलं तर बाई रोज बुडवून येत नाही. तिची मजुरी जाते, जीपचं भाडं जातं, बरोबर कोणी लागतं म्हणून आणखी एकाची मजुरी जाते. मॅडम, तुम्ही दोन ओळी लिहून द्या, तेवढ्याच बोलू. आणि त्या दिवशी जीपचं भाडं देणार असाल तर तेही आधी सांगा, म्हणजे आम्हाला शब्द देता येईल.

रानजाई

@वस्तीवरची_आशा, ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. असं बोलून बघा, बाई एकटी असताना: "तुमच्या तपासणीत एक डाग दिसलाय. तो कॅन्सर नसण्याचीच शक्यता जास्त, पण तसाच सोडला तर काही वर्षांनी होऊ शकतो. डॉक्टर इथेच तालुक्याला येणार आहेत, बहुतेक त्याच दिवशी उपचार होतील, पिशवी काढावी लागत नाही." घरच्यांसमोर फक्त "डॉक्टरांनी तारीख दिली आहे" एवढंच.

भाड्याचं @काठावरचा यांना विचारते. शिबिर छोटं केलं तर मंडपाचे पैसे वाचतात, त्यातून जीप होईल का?

काठावरचा

मंडपाचा खर्च प्रवासाकडे वळवायला मंजुरी लागेल. उद्या टिपणी टाकतो. गावनिहाय पॉझिटिव्ह बायकांचा आकडा मात्र मला शुक्रवारपर्यंत द्या, त्याशिवाय किती जीप ते लिहिता येणार नाही.

उपकेंद्रातली_सीएचओ

माझ्या पाच गावांचा उद्याच देते. फडावर जाणाऱ्यांच्या नावापुढे तारीख टाकून.